चार नगरसेवक असताना जाब विचारायचा कोणाला?

पूर्वरंग (धागाकर्ता)

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि पुण्याला पुन्हा एकदा लोकनियुक्त सभागृह मिळाले. आधीच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली होती, म्हणजे मधला पावणेचार वर्षांहून अधिक काळ या शहरात एकही नगरसेवक नव्हता. निकालानंतर ओळखीपाळखीच्या लोकांशी बोलताना आनंद किंवा राग यांपेक्षा एक थंडपणा मला जास्त जाणवला. "शहरी मतदार सुट्टी मिळाली की गाडी काढून बाहेर पडतो" असे म्हणून त्या थंडपणाची बोळवण केली जाते, ते मला पटत नाही. मी अमुक व्यक्तीला निवडले, तिच्या हाती अमुक अधिकार आले आणि तिने काम केले नाही तर पाच वर्षांनी मी तिला घरी बसवू शकतो, एवढा साधा विश्वास मतदानामागे लागतो. आपल्या शहरांत हा विश्वास ज्या व्यवस्थेवर उभा राहतो तीच खिळखिळी झालेली आहे, आणि ती मतदाराने केलेली नाही.

सुरुवात वेळापत्रकापासून करतो. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातील अनुच्छेद २४३ यू नुसार महापालिकेची मुदत पाच वर्षे असते आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पार पडली पाहिजे. किशनसिंग तोमर खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. तरीही ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचे बदलते कायदे आणि न्यायालयातील तारखा यांत आपली निवडणूक अडकली. ४ मार्च २०२१ च्या निकालाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटीची (आयोगाकडून मागासलेपणाचा अभ्यास, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत) अट पुढे आणली, २०२२ मध्ये त्यासाठीच्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, त्यानंतर "जैसे थे"चा आदेश झाला, आणि शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयालाच सांगावे लागले की चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा. त्यानंतरही मुदत वाढली ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो सोडवायलाच हवा होता. परंतु तो सुटेपर्यंत मुंबईपासून नागपूरपर्यंत कोट्यवधी लोकांचे प्रतिनिधित्वच स्थगित राहिले आणि त्याची किंमत एकाही पक्षाला मोजावी लागली नाही, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

या काळात कारभार कसा चालला ते जवळून पाहण्यासारखे आहे. एरवी आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरबदल करते आणि मग मुख्य सभेत त्यावर दिवसचे दिवस चर्चा होते. त्या चर्चेत बरेच काही नको ते होते, 'स' यादीतल्या (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतल्या) बाकडी, नामफलक आणि कापडी पिशव्यांवरून वाद होतात, वर्षाच्या मध्यावर वर्गीकरणाचे प्रस्ताव येऊन एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळतो. पण निदान कोणी काय मागितले आणि कोणी विरोध केला याची नोंद राहते आणि पत्रकार कक्षात बसून ऐकणारे कोणीतरी असते. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे आले. आयुक्त म्हणून ज्यांनी प्रस्ताव मांडला, त्यांनीच प्रशासक म्हणून त्याला मान्यता दिली. त्या अधिकाऱ्यांच्या सचोटीबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. त्यांना निवडणारा मी नाही आणि बदलणाराही मी नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता नगरसेवक आले, आणि इथेच मला मुख्य प्रश्न विचारायचा आहे. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले. चाळीस प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात पाच. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून अधिक लोक येतात, आणि प्रत्यक्षात ती लोकसंख्या आज कितीतरी वाढलेली आहे. माझ्या माहितीतल्या एका प्रभागात मागच्या सभागृहाच्या काळात एक पावसाळी गटार दरवर्षी तुंबत असे. पहिल्या नगरसेवकांनी सांगितले की तो भाग दुसरे पाहतात. दुसऱ्यांनी निधी आपण शाळेसाठी दिला आहे असे सांगितले. तिसऱ्या बाईंच्या घरी त्यांचे यजमान भेटले आणि चौथ्यांनी पत्र द्यायला सांगितले. त्याच प्रभागात एका रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले तेव्हा चौघांचे चार स्वतंत्र फ्लेक्स लागले होते. चौघांपैकी कोणाला वाईट म्हणावे हे सांगता येत नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे.

ही पद्धत किती वेळा बदलली तेही पाहा. पुण्यात २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा वॉर्ड, २०१२ मध्ये दोघांचा प्रभाग आणि २०१७ मध्ये चौघांचा. पुढे कायदा बदलून पुन्हा एक सदस्य ठरला, २०२१ मध्ये त्याचे तीन झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गाडी पुन्हा चारवर आली. सत्ता बदलली की रचना बदलते, आणि सोयीनुसार बदल करण्यात कोणताही मोठा पक्ष मागे नाही. मतदाराला कोणती रचना सोयीची आहे, हे त्याला कधी विचारलेले मला आठवत नाही. या विषयावर आपापल्या गावचा आणि शहराचा अनुभव लिहावा, अशी विनंती आहे.

दादरकर

लेखातील वेदना पोहोचली, पण एका सदस्याचा वॉर्ड असला की उत्तरदायित्व आपोआप येते असे समजू नका. मुंबईत २२७ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकी एकच नगरसेवक आहे, तरीही आमची स्थिती फार वेगळी नाही. इथे अडचण आरक्षणाच्या सोडतीची आहे. सोडत निघते आणि चांगले काम करणाऱ्या नगरसेवकाचा वॉर्ड दुसऱ्या प्रवर्गाकडे जातो, त्यामुळे तो शेजारच्या वॉर्डात उमेदवारी मागतो किंवा घरातल्या कोणाला तरी उभे करतो. ज्याने काहीच केले नाही, तोही तसाच निसटतो. शाबासकी द्यायची असो की शिक्षा, समोर तो माणूसच नसतो. आरक्षण हवेच, त्याविषयी माझा वाद नाही. फिरते आरक्षण दर निवडणुकीऐवजी दोन निवडणुकांनी बदलावे, म्हणजे निवडून आलेल्याला एकदा तरी त्याच लोकांपुढे हिशेब घेऊन जावे लागेल, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट पैशाची. २०२५-२६ साठी मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. अनेक राज्यांच्या अंदाजपत्रकांशी तुलना व्हावी एवढी ही रक्कम, आणि ती मंजूर करताना लोकांनी निवडलेला एकही सदस्य मतदानाला नव्हता. २०१७ मध्ये आमच्याकडे ५५ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, तेव्हा उरलेल्यांना दोष देणारे पुष्कळ लेख आले होते. या अंदाजपत्रकाबद्दल तेवढ्याच तळमळीने लिहिलेले मला फारसे वाचायला मिळाले नाही.

सिंहगडरस्ता

आम्ही ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावचे. तुम्ही शहरवासीयांनी निदान आधीची पाच वर्षे नगरसेवक पाहिले होते. आमची ग्रामपंचायत बरखास्त झाली, सरपंच गेले, सदस्य गेले, आणि महापालिकेत आमचा प्रतिनिधी जानेवारी २०२६ मध्ये पहिल्यांदा निवडला गेला. साडेचार वर्षे आम्ही कोणाचेच मतदार नव्हतो. मिळकतकराची बिले मात्र यायला लागली होती, आणि टँकर पूर्वीसारखेच सुरू होते.

जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावे देशभरच्या बातम्यांत आली आणि नांदेड गावच्या विहिरीचे पाणी तपासले गेले. त्या आठवड्यांत मंत्री आले, पथके आली, अधिकारी आले आणि त्यांनी कामही केले. परंतु त्याआधी समाविष्ट गावांना शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी केव्हा मिळणार, हा प्रश्न सभागृहात उभे राहून विचारणारे आमच्याकडे कोणी नव्हते. पूर्वी पाण्याला वास आला तर सकाळी सरपंचांच्या दारात दहा बायका हंडे घेऊन उभ्या राहत आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी विहिरीवर जाऊन येई. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, भाऊबंदकी होती, पण दार माहीत होते.

यंदा आमच्या गावात मतदानाला रांगा लागल्या होत्या. निराशेतून लोक घरी बसतात हे सरसकट खरे नाही, हे मला इथे नमूद करावेसे वाटते. ज्यांच्याकडून मत काढून घेतले गेले होते, त्यांना त्याची किंमत चांगली कळली आहे.

निवडणूककामी

मी शिक्षिका आहे आणि बहुसदस्यीय प्रभागाच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर काम केलेले आहे, म्हणून आतला अनुभव लिहिते. अ जागेसाठी पांढरी, ब साठी फिकट गुलाबी, क साठी फिकट पिवळी आणि ड साठी फिकट निळी मतपत्रिका यंत्रावर लावलेली असते. चारही जागांसाठी एकेक बटण दाबून झाले की मगच मोठा आवाज येतो आणि मतदान पूर्ण होते. एक आजी आत गेल्या, एक बटण दाबले आणि बाहेर पडू लागल्या. "आजी, अजून तीन मतं राहिली आहेत," असे आम्ही सांगितले, तर त्या म्हणाल्या, "ज्याला ओळखते त्याला दिलं. बाकीच्यांना मी काय ओळखते?" समजावल्यावर त्या परत गेल्या आणि उरलेली बटणे त्यांनी पटापट दाबली. त्यांनी ती कोणाला दाबली असतील हे मला माहीत नाही, पण माणूस पाहून दाबली नसावीत असे वाटते.

त्या दिवशी तसे करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. शिकलेसवरलेले तरुणही पहिल्या बटणानंतर आमच्याकडे वळून पाहत होते. अशा वेळी मतदार चिन्हाकडे पाहतो आणि वरपासून खालपर्यंत एकच चिन्ह दाबतो. पक्षांना हेच हवे असते, त्यालाच ते पॅनेल चालणे म्हणतात. अपक्ष आणि वस्तीत वर्षानुवर्षे काम करणारा कार्यकर्ता यांना ८० हजारांच्या प्रभागात चिन्ह पोहोचवणेसुद्धा जमत नाही. माणसाला मत देण्याची निवडणूक अशी हळूहळू चिन्हाला मत देण्याची होऊन जाते आणि मग निवडून आलेला सदस्य आपल्याला कोणामुळे जागा मिळाली हे बरोबर ओळखतो. तो उत्तर द्यायला पक्षकार्यालयात जातो.

समतोल

विरोधी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्यांनी एकसदस्यीय वॉर्ड अनुभवले आहेत, त्यांना "वॉर्डाचा मालक" ही चीज चांगली आठवत असेल. त्याच्या विरोधात गेलेल्या गल्लीत पाच वर्षे दिवा लागत नसे. चौघे असले की एकाने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे जाता येते. शिवाय २०११ पासून राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, त्यामुळे चौघांच्या प्रभागात दोन महिला असतातच आणि दर वेळी असतात. एकसदस्यीय रचनेत वॉर्ड खुला झाला की स्त्रीला उमेदवारी देण्याचा विचार कोणता पक्ष करतो? प्रभाग मोठा असला की सोडतीने सगळेच बदलत नाही आणि अनुभवी सदस्य त्याच भागात दुसऱ्या जागेवरून उभा राहू शकतो, म्हणजे दादरकरांनी मांडलेल्या अडचणीचे उत्तर काही अंशी याच पद्धतीत आहे.

पूर्वरंग यांनी सांगितलेल्या गटाराच्या गोष्टीत दोष रचनेचा आहे की चार माणसांचा? चौघांनी कामे वाटून घेऊन ती लोकांना सांगितली असती, तर तो प्रश्न उभाच राहिला नसता.

पूर्वरंग

समतोल, मालकीच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि महिलांच्या जागांबद्दल तुम्ही लिहिलेले खरे आहे. परंतु चौघांनी कामे वाटून घ्यावीत हे त्यांच्या मर्जीवर सोडले, तर ती वाटली जाणार नाहीत, किंवा वाटली गेली तरी आपल्याला सांगितली जाणार नाहीत. ज्या धूसरपणाचा फायदा चौघांनाही मिळतो, तो चौघे आपणहून दूर का करतील? म्हणून हे लेखी आणि कायद्याने हवे. प्रभागाचे चार भाग पाडून प्रत्येक भागाला एक उत्तरदायी सदस्य जाहीर करावा, त्याचा निधी आणि त्याची कामे त्या भागापुरती फलकावर लावावीत. तुम्ही म्हणता ते फायदे त्याने कमी होत नाहीत.

आणि यासाठी नवे काही शोधावे लागणार नाही. आपल्या महापालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद आलेली आहे. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसावे, आपल्या भागातल्या कामांचा अग्रक्रम सुचवावा आणि नगरसेवकाने तिथे हजर राहावे, अशी ती कल्पना आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा उपक्रमही आहे, ज्यात कोणीही नागरिक ठरावीक रकमेपर्यंतची छोटी कामे सुचवू शकतो. दोन्ही गोष्टी कागदावर आहेत. क्षेत्रसभा भरलेली तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

वाळव्याची लेक

मी पाहिली नाही, पण आमच्या गावची ग्रामसभा लहानपणापासून पाहत आले आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावात सगळ्यांना तोंडपाठ असतात. कोरम न भरल्याने तहकूब होणे, ठराव आधीच लिहून ठेवलेला असणे, बायकांनी मागे बसणे हे सगळे तिथे होते, ते मी लपवत नाही. पण एका सभेत आमच्या चुलत्यांनी उठून विचारले होते, "पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आले किती आणि स्मशानभूमीच्या शेडला लागले किती, ते आकडे वाचा." ग्रामसेवकांना नोंदवही उघडून आकडे वाचावे लागले. ज्यांच्या कामाबद्दल प्रश्न होता ते सरपंच चार हातांवर बसले होते.

नोकरीसाठी पुण्यात आल्यापासून मला तसा प्रश्न विचारता येईल अशी जागाच सापडलेली नाही. मोहल्ला कमिटीच्या बैठकीला एकदा गेले होते. अधिकारी सौजन्याने बोलले, तक्रार लिहून घेतली, पण निधी कुठे वळवायचा हे ठरवणारे त्या खोलीत कोणी नव्हते. ग्रामपंचायतीला ७५-८० टक्के मतदान होते आणि शहरात निम्म्यापाशी अडकते, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागेल असे मला वाटत नाही.

कृष्णराजपुरम

मी मूळचा सोलापूरचा, गेली बरीच वर्षे बंगळुरूत आहे. तुमच्या पावणेचार वर्षांचे दुःख समजते, पण इथल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षे उलटली तरी नगरसेवक निवडले गेले नाहीत. मध्यंतरी ती महापालिकाच राहिली नाही आणि २०२५ मध्ये शहराच्या पाच महापालिका झाल्या. कारणे तुमच्यासारखीच आहेत, म्हणजे वॉर्डांची फेररचना, आरक्षण आणि न्यायालय. चेन्नईतही २०१६ ते २०२२ या काळात पाच वर्षांहून अधिक काळ सभागृह नव्हते. एवढ्या शहरांत असे घडते तेव्हा तो योगायोग म्हणता येणार नाही. नगरसेवक नसले की शहराचा पैसा आणि निर्णय आमदार व मंत्री यांच्याकडे सरकतात, त्यामुळे राज्य पातळीवर कोणालाही घाई नसते. सत्ताधारी बदलले तरी ही अनिच्छा बदलत नाही.

लातूर रोड

नाराज मतदार काय करतो, याचे एक उदाहरण आमच्या जिल्ह्यात आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात 'नोटा'ला २७,५०० मते पडली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. निवडून आलेले धीरज देशमुख फार मोठ्या फरकाने जिंकले होते, त्यामुळे निकालावर परिणाम झाला नाही. त्या मतांची चर्चा मात्र एका आठवड्यात संपली. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणुकीची सोय केली, ती चांगलीच आहे. पण नाराजीला फक्त बटण देऊन भागत नाही. नोटा दाबणाऱ्यालाही पुढची पाच वर्षे कोणाकडे तरी पाणी मागायला जायचेच असते.

दादरकर

वाळव्याची लेक यांच्या ग्रामसभेच्या प्रसंगाने मला नेमके काय हवे आहे ते दाखवले. पूर्वरंग, महापालिका कायद्यात प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आहे. त्या जागा बहुधा पक्षांच्या कार्यकर्त्यांनी भरल्या जातात. नवे सभागृह नुकतेच बसले आहे, तेव्हा या नेमणुकांकडे आत्ताच लक्ष ठेवले पाहिजे. एकदा नावे जाहीर झाली की पाच वर्षे हात चोळत बसावे लागते.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. आमच्या भागातल्या काही सोसायट्या आणि शेजारची वस्ती यांच्या वतीने आम्ही चौघा नगरसेवकांच्या नावे एकच पत्र तयार करत आहोत. त्यात तीन गोष्टी विचारल्या आहेत. प्रभागाच्या कोणत्या भागासाठी आणि पाणी, रस्ते, सांडपाणी यांपैकी कोणत्या कामासाठी चौघांपैकी कोण उत्तर देणार, 'स' यादीत प्रत्येकाने कोणती कामे सुचवली आहेत, आणि पहिली क्षेत्रसभा कोणत्या तारखेला व कुठे घेणार. उत्तर आले तर इथे लिहीन, आणि नाही आले तरी लिहीन.

निवडणूककामी

पत्र चौघांना वेगवेगळे द्या आणि प्रत्येकाकडून पोच घ्या. एकत्र दिलेले पत्र नेमके कोणाकडे राहिले याचा नंतर पत्ता लागत नाही. प्रभागाच्या क्षेत्रीय कार्यालयात पाचवी प्रत देऊन तिच्यावर आवक क्रमांक टाकून घ्या, म्हणजे पुढे माहिती अधिकारात त्याच क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारता येईल. आणि सिंहगडरस्ता यांना विनंती अशी की, तुमच्या गावाने असे पत्र दिले तर त्यात विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल दर महिन्याला फलकावर लावण्याची मागणी जरूर घाला.